रोगाचे जाळे आणि माणसाचे दायित्व

घरातले माणूस तापाने अंथरुणाला खिळले की दोन प्रश्न उभे राहतात. हा रोग कसा झाला, हा एक. आणि हा कोणामुळे झाला, हा दुसरा. पहिला विज्ञानाचा व दुसरा नीतीचा, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. प्रत्यक्षात मनात दुसरा प्रश्न आधी जागा होतो आणि पहिल्याचे उत्तर तो आपल्या सोयीने वाकवून घेतो. गेल्या काही दशकांत रोगांच्या अभ्यासाने जी वाट धरली आहे, तिने या दोन प्रश्नांचे नाते नव्याने तपासणे भाग पाडले आहे. तो तपास हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांच्या काळी पटकी आली, देवी आल्या किंवा प्लेगचे उंदीर पडू लागले, की शिवेवरील मरीमाईला साकडे घातले जाई. कोणाच्या तरी हातून आगळीक घडली असली पाहिजे, अशी समजूत असे. नाही तर परगावच्या वाटसरूवर, फिरस्त्या जमातीवर किंवा एखाद्या निराधार बाईवर संशय जाई. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने रोगाचे कारण म्हणून जंतू पुढे आले. कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला. या ज्ञानाचे मानवजातीवर अपार ऋण आहे. निरपराध माणसांवरचा आळ त्याने पुष्कळ अंशी दूर केला. पण एक गोष्ट त्यानेही बदलली नाही. जुन्या समजुतीत अपराधी एक होता. नव्या ज्ञानातही तो एकच राहिला. फक्त त्याचे नाव बदलले.

यापुढची पायरी परिस्थितिकीने, म्हणजे सजीवांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने, घातली. जंतू हे रोगाचे आवश्यक कारण असले तरी ते पुरेसे कारण नव्हे, असे हे शास्त्र सांगते. जंतू, त्याला वाहून नेणारा कीटक, त्या कीटकाला पोसणारा प्राणी, त्या प्राण्याला खाणारा दुसरा प्राणी, पाऊस, उष्मा, ओल, पीक आणि माणसाची वस्ती हे सारे एका जाळ्याचे धागे आहेत. सैद्धान्तिक परिस्थितिकीच्या अभ्यासक मर्सिडीज पास्कुअल यांचे कार्य या दृष्टीचा उत्तम नमुना होय. निसर्गात कोण कोणाला खातो याचे अन्नजाळे गणिताने मांडणे हा त्यांच्या अभ्यासाचा एक भाग. जेनिफर डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. दुसरा भाग हवामान आणि साथी यांचा. पॅसिफिक महासागराचे पाणी ठरावीक नसलेल्या अंतराने तापते, त्या घटनेला एल निन्यो म्हणतात. तिचा बांगलादेशातील पटकीच्या चढउताराशी असलेला संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवला. कच्छ व बाडमेर यांसारख्या कोरड्या मुलखात मलेरियाच्या साथींमागे पावसाचा हात किती, हे २०१० च्या एका अभ्यासात तपासले गेले. हजारो कोसांवर समुद्र तापतो आणि ढाक्याच्या वस्तीत एक मूल दगावते. या दोन टोकांच्या मध्ये असंख्य गाठी आहेत, आणि त्यांपैकी एकही गाठ एकटी अपराधी नाही.

दूरची उदाहरणे दूरची वाटतात, म्हणून आपल्या परिसराकडे वळू. १९६५ साली नागपुरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. चांदीपुरा या तिकडच्याच वस्तीचे नाव त्याला मिळाले. बरीच वर्षे त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात, २००७ साली नागपूर विभागात आणि २०२४ साली गुजरातेत त्याच विषाणूने लहान मुलांचे बळी घेतले. तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याजवळच्या ओलीत वाढते. म्हणजे गरिबाच्या घराची न बुजलेली भेग हीही या रोगाची एक गाठ आहे. चांदीपुऱ्याचे नाव मात्र कायमचे मेंदूज्वराला चिकटले. त्या वस्तीचा यात कोणता अपराध होता?

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ पसरली. नागपुरात उपचारासाठी दाखल झालेल्यांत मध्य प्रदेशातून गेलेले रुग्णही होते. माइट नावाच्या अतिसूक्ष्म जीवाच्या अळ्या उंदरांच्या अंगावर पोसतात. पावसाने गवत आणि झुडुपे माजली की गवताच्या पात्यावरून त्या माणसाच्या अंगावर येतात. चाव्याच्या जागी पुष्कळदा जळल्यासारखी काळी खपली धरते. पण ती कमरेखाली, काखेत, अशा झाकल्या जागी असते आणि रोगी ती कोणाला दाखवत नाही. डॉक्सिसायक्लिन हे जुने व स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर रोगी बहुधा बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला पडतो.

आता या रोगाचे जाळे पाहा. श्रावण-भाद्रपदातला पाऊस, धुऱ्यावर वाढलेले गवत, शेतातील उंदीर, त्यांना आवर घालणारे पण दिसताक्षणी ठेचले जाणारे साप, अंधश्रद्धेपायी हुसकावली जाणारी घुबडे, संत्र्याच्या बागेत उघड्या पायांनी निंदण करणारी मजूर बाई, तिचा ताप साधा समजून दोन दिवसांच्या गोळ्या देणारा वैद्य आणि नागपूरपर्यंतचे अंतर. यांतला दोषी कोण? प्रत्येकाकडे बोट दाखवता येते आणि प्रत्येक बोट अर्धवट खरे ठरते.

मराठवाड्याच्या अनुभवातूनही हेच दिसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढल्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपाच्या भीतीने लोकांनी घरे सोडली, साठवलेले धान्य मागे राहिले, त्यावर उंदीर माजले आणि पिसवांनी रोग माणसांपर्यंत आणला, अशी संगती त्या वेळी अनेक जाणकारांनी लावली. ती खरी मानली, तर येथे कोणाकडे बोट दाखवावे? जिवाच्या भयाने घर सोडणाऱ्याला दोष देता येत नाही, आणि धरणीला न्यायालयात उभे करता येत नाही.

तथापि नीतीच्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट गिधाडांची आहे. गावाबाहेर टाकलेल्या मेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरलेला आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा ९९ हून अधिक काही वर्षांतच संपली. त्याचे कारण २००४ साली उघड झाले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. ते टोचल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. गिधाडे गेली, सडती जनावरे पडून राहिली, त्यांवर कुत्री पोसली, पाणवठे दूषित झाले आणि रेबीजची भीती वाढली. ज्या जिल्ह्यांत गिधाडे मुबलक असत तेथील मृत्युदर आणि जेथे ती मुळात विरळ होती तेथील मृत्युदर यांची तुलना करून ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक अंदाज मांडला. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा तो अंदाज आहे.

या साखळीच्या आरंभी कोण उभा आहे? ठणकणाऱ्या बैलाच्या वेदना न बघवणारा शेतकरी. ज्या बैलाच्या शिंगांना तो पोळ्याला रंग देतो, गळ्यात घुंगरमाळ घालतो, ज्याला पुरणपोळीचा घास भरवतो, त्याला त्याने स्वस्तात मिळालेले औषध टोचून घेतले. यात क्रौर्य नाही, लोभ नाही, साधी बेपर्वाईसुद्धा नाही. शुद्ध करुणेतून केलेली कृती असंख्य मृत्यूंच्या जाळ्यात एक धागा होऊन बसली. हेतू शुद्ध असला की कृती निर्दोष ठरते, असे मानणाऱ्या नीतीपुढे हा मोठाच पेच आहे. आणि फळावरूनच कृतीचे मोल ठरवणाऱ्या नीतीपुढे तो त्याहून मोठा आहे. कारण त्या शेतकऱ्याला मनुष्यवधाचा भागीदार म्हणणे आपल्या न्यायबुद्धीला मुळीच पटणार नाही.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. सगळेच जाळे असेल तर दोषी कोणीच नाही, आणि दोषी कोणीच नसेल तर ही दृष्टी लबाडांना मोठी सोयीची आहे! हा आक्षेप किती खरा आहे, हे आपल्या शेजारीच दिसून आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातील घरांवरही हा घाला पडला. मृतांची संख्या वीसच्या पुढे गेली. आरंभी शोध संसर्गाच्या दिशेने चालला. पाणी, डास, उंदीर यांची तपासणी झाली. शेवटी निष्पन्न झाले ते असे की, मुलांना दिलेल्या खोकल्याच्या एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते, आणि तेही जवळजवळ निम्म्या प्रमाणात. तेथे परिसराचे जाळे नव्हते. कारखान्यातील औषध होते, ते तपासण्याची जबाबदारी असलेली माणसे होती आणि ती जबाबदारी पार पडली नव्हती. अशा ठिकाणी ‘अनेक कारणांचा संयोग’ अशी भाषा करणे म्हणजे मेलेल्या मुलांचा दुसऱ्यांदा अपमान होय.

गिधाडाच्या आणि या लेकरांच्या मृत्यूत एक विलक्षण साम्य आहे. दोन्ही ठिकाणी औषधच मूत्रपिंडांचा घात करून गेले. तरीही आपली न्यायबुद्धी शेतकऱ्याला एका मापाने आणि औषध करणाऱ्याला दुसऱ्या मापाने तोलते. हे दुटप्पीपणाचे लक्षण आहे काय? माझ्या मते नाही. या दोन मापांतच आपल्या पेचाचे उत्तर दडलेले आहे. फरक दोन गोष्टींचा आहे: कोणाला काय ठाऊक होते किंवा ठाऊक असणे बंधनकारक होते, आणि कोणाच्या हातात काय थांबवण्याचे सामर्थ्य होते. शेतकऱ्याला गिधाडाच्या मूत्रपिंडाविषयी कळण्याचा मार्ग नव्हता. औषध करणाऱ्याला आपल्या बाटलीत काय आहे हे कळलेच पाहिजे होते.

म्हणून दोष आणि दायित्व या दोन शब्दांत भेद करणे अगत्याचे आहे. दोष मागे पाहतो. कोणी केले, कोणत्या हेतूने केले, याचा तो निवाडा मागतो. दायित्व पुढे पाहते. आता जाळ्याची कोणती गाठ माझ्या हाताशी आहे आणि मी ती सैल करू शकतो काय, एवढेच ते विचारते. कारणांचे जाळे जितके विस्तीर्ण, तितका दोष विरळ होत जातो, हे मान्य केले पाहिजे. दायित्व मात्र तसे विरळ होत नाही; ज्ञान आणि सामर्थ्य जेथे अधिक असेल तेथे ते साचत जाते.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मध्ये जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जी गोटमार होते, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे करावयाची नाही. तिच्यातील एक गोष्ट तेवढी घ्यावयाची आहे. दोन्ही तीरांवरून दगड सुटतात आणि कोणाचे तरी डोके फुटते. कोणाच्या दगडाने फुटले, हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून कोणा एकावर दोष ठेवता येत नाही आणि सायंकाळी सारे आपापल्या घरी जातात. पण जखमीला उचलून तीरावर आणणे, त्याची जखम बांधणे आणि पुढल्या वर्षी कोणाचा डोळा जाऊ नये म्हणून काय करता येईल याचा विचार करणे, या गोष्टी कोणाचा दगड होता हे ठरेपर्यंत थांबत नाहीत. त्या ज्याला जमतात त्याने करावयाच्या असतात.

हवामानाच्या प्रश्नाने या भेदाला आज अधिक धार आणली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील सोफिया याकोब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहरातील डेंग्यूचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तापमान २७ अंशांच्या वर, हवेत पुरेशी आर्द्रता आणि पावसाळाभर विखुरलेला मध्यम पाऊस अशी स्थिती डेंग्यूला पोषक ठरते, असे त्यातून दिसले. एका आठवड्यात धो धो पाऊस पडला तर डासांच्या अळ्या वाहून जातात. रिमझिम पाऊस त्यांना पोसतो. मुख्य म्हणजे या निरीक्षणांवरून साथीचा इशारा दोन महिन्यांहून अधिक आधी देणे शक्य आहे, असे त्यांनी मांडले. हवा तापत गेली तर पुण्यातील डेंग्यूचे मृत्यू येत्या दशकांत वाढत जातील, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

अशा भाकिताचा नैतिक अर्थ नीट पाहिला पाहिजे. जी साथ येणार हे ठाऊक नव्हते, ती आपत्ती होती. जी येणार हे दोन महिने आधी कळले आणि तरीही आली, ती पूर्वीसारखी आपत्ती राहात नाही. तिच्यात उपेक्षेचा अंश मिसळतो. ज्ञानाने आपले सामर्थ्य वाढते असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याबरोबर निरपराध राहण्याची सोय कमी होते, हे मात्र सहसा बोलले जात नाही. २००४ पूर्वी बैलाला डायक्लोफेनॅक टोचणारा आणि बंदीनंतर माणसांसाठीची बाटली आणून तेच टोचणारा, यांची कृती एकच. नैतिक अर्थ निराळा. गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्सिकॅम हे औषध उपलब्ध असताना तर तो अधिकच निराळा.

त्यात आणखी एक विषमता आहे. हवा तापवण्यात ज्याचा वाटा नगण्य, त्याच्याच अंगावर डास आणि माइट आधी येतात. सातपुड्याच्या वरच्या खेड्यांतून बागेत कामाला येणाऱ्या मजुराकडे ना मोटार, ना वातानुकूलन यंत्र. त्याला जाळ्यात आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना चावा बसत नाही. ज्ञान एकीकडे आणि जखम दुसरीकडे अशी ही विभागणी आहे. दायित्व ज्ञानामागे जाते असे एकदा मानले, की त्याचा रोख आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या, जमीनजुमला असलेल्या घराण्यांकडे वळतो, हे टाळता येत नाही.

भोसल्यांच्या अमदानीपासून पुष्कळ मराठी घराणी या मुलखात नांदत आली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ तिकडे गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. या रेषा कागदावर आवश्यक असतील. उंदीर, डास आणि ढग त्या जुमानत नाहीत. मात्र रोगाची नोंद त्या जुमानते. ताप सौंसरच्या धुऱ्यावर जडतो आणि त्याचे निदान होते नागपुरात. गवत एका राज्यात, रुग्णालय दुसऱ्या राज्यात. निदानाची वार्ता परत गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचली नाही, तर पुढच्या मजुराचा ताप पुन्हा ‘साधा’ ठरतो. जाळ्याची ही गाठ दोन्ही बाजूंची भाषा जाणणाऱ्या, दोन्हीकडे सोयरीक असणाऱ्या आपल्या घरांच्या अगदी हाताशी आहे. नागपूरहून सुटी होऊन आलेल्या रुग्णाचा कागद स्थानिक डॉक्टरांना नेऊन दाखवणे, हे काम लहान आहे; ते दुसरे कोणी करणार नाही.

अशी लहान कामे आणखीही आहेत. बागेत निंदणाला येणाऱ्या बायांना पायात घालायला काही देणे, संध्याकाळी अंग धुवायला पाणी देणे, पावसाळ्यातला ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर काळी खपली शोधून आपल्याच गाडीतून दवाखान्यात पोचवणे, गोठ्यातील जनावरासाठी औषध मागताना त्याचे नाव वाचणे, धामण दिसताच काठी न उचलणे. यांतले एकही कृत्य रोगाचे निर्मूलन करणार नाही. जाळ्याच्या विचाराचा एक तोटा असा की, त्याची विशालता पाहून माणूस हतबल होतो आणि समुद्रच तापतो आहे तिथे मी काय करणार, असे म्हणून स्वस्थ बसतो. वस्तुतः निष्कर्ष उलट निघायला हवा. एकच कारण असते तर ते दूर करणे कोणा एका महापुरुषाचे किंवा सरकारचे काम ठरले असते. कारणे अनेक आहेत, म्हणूनच कामेही अनेकांच्या वाट्याला आली आहेत. सरकारच्या आणि कारखान्यांच्या वाट्याची गाठ मोठी आहे. ती त्यांनी सोडवावी म्हणून आवाज उठवणे हाही आपल्या वाट्याचाच भाग. परासियाच्या प्रसंगानंतर तरी याविषयी संदेह नसावा.

‘कोणामुळे झाले?’ हा प्रश्न माणूस विचारीत राहणार, आणि जेथे खरोखर कोणी अपराधी आहे तेथे तो विचारलाच पाहिजे. परंतु पुष्कळ वेळा त्याचे उत्तर मिळणार नाही, किंवा मिळालेले उत्तर अन्यायाचे ठरेल. अशा वेळी दोषाचा शोध संपला म्हणून विचार संपत नाही. अंथरुणावर तापाने फणफणलेले माणूस समोर असते, आणि त्याच्या रोगाच्या जाळ्यातला एखादा धागा आपल्या उंबऱ्यावरून गेलेला असतो. तो शोधण्यासाठी आपण दोषी आहोत असे सिद्ध व्हावे लागत नाही. तो आपल्याला दिसतो आहे, एवढे पुरेसे आहे.